तारीख पाळायची सक्ती फक्त आम्हालाच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारीत महापालिकेचं मतदान झालं, निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आता कुठल्या समितीवर कोण, कुणाचा रुसवा कुणी काढला ह्याच्या बातम्या रोज वाचतोय. ते सगळं ठीक आहे पण ह्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणी बोलेनाच म्हणून हे पत्र लिहितोय. आपल्या कोल्हापुरात १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि आधीच्या सभागृहाची मुदत संपली होती नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे मधली पाच वर्षं, एका सभागृहाचं अख्खं आयुष्य, ह्या शहराला नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती. २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली, निम्मं शहर पाण्याच्या धास्तीनं जागं होतं, तेव्हा सभागृह नव्हतं. थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ ला आलं, इतक्या वर्षांचा प्रश्न, किती खर्च झाला, कुठं गळती लागली हे सभेत उभं राहून विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. आणि हे का झालं, कुणामुळं झालं, ह्याचा जाब एका माणसानंही दिलेला नाही.

मी वकील नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ आहेत, जीएसटी भरतो, घरफाळा भरतो, वीजबिल भरतो. ह्यातल्या एकाचीही तारीख चुकली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. घरफाळा थकला की दंडव्याज लागतं, रिटर्न उशिरा भरलं की लेट फी, वीजबिल राहिलं तर माणूस येऊन कनेक्शन तोडून जातो. आणि मी त्याबद्दल तक्रार करत नाही, नियम आहे तर तो पाळायलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की राज्यघटनेत सरकारलासुद्धा एक तारीख घालून दिलेली आहे आणि ती पाच वर्षांनी चुकली तरी कुणाचं काहीही तुटलं नाही.

ती तारीख कुठली ते सांगतो, कारण आमच्या कट्ट्यावर चार शिकलेल्या माणसांना विचारलं तर एकालाही सांगता आली नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यातलं कलम २४३ यू म्हणतं की नगरपालिका, महापालिका पहिल्या बैठकीच्या तारखेपासून पाच वर्षं चालेल, त्याहून जास्त नाही, आणि ती पाच वर्षं संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झालेली पाहिजे. मध्येच बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक. बस्स, इतकं सरळ आहे. आणि ही दुरुस्ती मुळात आणलीच ह्याच्यासाठी की त्याआधी राज्य सरकारं मनाला येईल तेव्हा नगरपालिका बरखास्त करायची आणि वर्षानुवर्षं प्रशासक म्हणून सरकारी अधिकारी बसवून ठेवायची. तो रोग बरा करायला जे औषध आणलं ते बाटलीतच राहिलं आणि रोग परत आला. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००६ ला स्पष्ट सांगितलंय की ही मुदत पाळणं बंधनकारक आहे, निवडणूक आयोगानं वेळेत तयारीला लागायचं आणि राज्य सरकारनं त्याला मदत करायची. त्या निकालाला वीस वर्षं होत आली.

आता कारणं काय दिली ती बघा. आधी कोरोना. ते मान्य, २०२० च्या नोव्हेंबरात कुणी रांगा लावा म्हटलं असतं तर मीच विरोध केला असता. नंतर ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आला, मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, मग आरक्षण द्या. ओबीसींना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, ह्या शहरात तरी त्याबद्दल दुमत नसावं, पण मग ती आकडेवारी भराभर गोळा करायची होती की नाही? ते काम रेंगाळलं. मग वॉर्ड किती आणि कसे ह्याचा घोळ. २०१५ ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता, मग तीन-तीनचे प्रभाग करायचं ठरलं, सरकार बदललं, मग ते रद्द, शेवटी आता निवडणूक झाली ती चारच्या प्रभागांवर. प्रभागरचनेचे अधिकार २०२२ मध्ये निवडणूक आयोगाकडनं सरकारनं स्वतःकडं घेतले. ऑगस्ट २०२२ ला सुप्रीम कोर्टानं 'जैसे थे' म्हणून सांगितलं आणि ते प्रकरण पुढं जवळजवळ पावणेतीन वर्षं तसंच पडून राहिलं. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टच म्हणालं की चार आठवड्यात अधिसूचना काढा, चार महिन्यात निवडणुका उरका. ते चार महिनेही पाळले गेले नाहीत, मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत मिळाली, तेव्हा कुठं मतदान झालं.

ह्यात मी एकट्या कुणाला धरत नाही. मध्ये दोन वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारं होऊन गेली, दोघांनाही प्रशासक सोयीचा होता. विरोधात असताना निवडणूक घ्या म्हणून ओरडायचं आणि सत्तेत आलं की गप्प बसायचं. कोर्टालाही मी ह्यातनं सोडत नाही, ज्या प्रकरणावर राज्यातल्या कोट्यवधी लोकांचं स्थानिक मतदान अडून बसलंय ते इतकी वर्षं बोर्डावर नुसतं पुढं ढकलायचं ह्याला काय म्हणायचं? आणि आपण लोक तरी काय केलं. टोलच्या वेळी हेच कोल्हापूर सगळं रस्त्यावर आलं होतं, म्हातारी माणसं उन्हात मोर्च्यात चालत होती, टोल घालवूनच शांत बसलं. आपला मताचा हक्क पाच वर्षं काढून घेतला तेव्हा तेवढा मोर्चा कुठं दिसला? टोल खिशातनं जातो म्हणून लगेच कळतो, मत कुठनं गेलं ते कळत नाही.

काही जण मला म्हणतात की अरे नगरसेवक नव्हते तेच बरं होतं, टक्केवारी नाही, भांडणं नाहीत, आयुक्त शिकलेला माणूस असतो, कामं पटापट होतात. हे वाक्य मला सगळ्यात जास्त बोचतं. प्रशासक असताना सर्वसाधारण सभेचे अधिकार त्याच्याकडं, स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडं आणि आयुक्त म्हणून अंमलबजावणीचे अधिकारही त्याच्याकडंच. बजेट मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि खर्च करणारा पण तोच. त्या खुर्चीवर आलेले अधिकारी वाईट होते असं मी अजिबात म्हणत नाही, काहींनी चांगली कामं केली असतील. पण एकाच माणसानं मागायचं, त्यानंच द्यायचं आणि त्यानंच हिशेब तपासायचा ही पद्धत माणूस चांगला आहे म्हणून चांगली ठरत नाही. उद्या त्याची बदली होते, दुसरा येतो, तो कसा असेल ह्यावर माझा काय ताबा आहे? नगरसेवक नालायक निघाला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवायचा रस्ता माझ्याकडं असतो, आणि तो रस्ता उघडा राहतो तो फक्त त्या तारखेमुळं. तारीख सरकारच्या मर्जीवर गेली की मतदान हा हक्क राहत नाही, ती सरकारनं दिलेली सवलत होते.

जुनं एक उदाहरण देतो, माझे वडील नेहमी सांगायचे. १९७१ ला निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ ला संपत होती. आणीबाणी चालू होती, तेव्हा संसदेत कायदा करून ती एक वर्ष वाढवली, मग परत वाढवली, पुढं ४२ व्या घटनादुरुस्तीत पाचाची सहा वर्षंच करून टाकली. १९७८ ला ४४ व्या दुरुस्तीनं ती परत पाचवर आणली. आता नीट बघा, आणीबाणीत सुद्धा मुदत वाढवायला राज्यघटनेत तशी तरतूद होती आणि तिचा आधार घेऊन संसदेत रीतसर कायदा करावा लागला. महापालिकेची मुदत वाढवायची अशी तरतूद राज्यघटनेत नाहीच. तरी आपल्याकडं आणीबाणी नसताना पाच वर्षं गेली, आणि देशात कुठं मोठी खळबळ झाली नाही, कारण महापालिका म्हणजे गटर आणि कचरा असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

त्याच आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं तो जबलपूरचा निकाल दिला, चार विरुद्ध एक. नऊ हायकोर्टांनी सांगितलं होतं की विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते. सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही येत. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी सरकारी वकिलाला विचारलं होतं की एखाद्या पोलिसानं बेकायदेशीरपणे कुणाचा जीव घेतला तर काय, तर उत्तर आलं की आणीबाणी आहे तोपर्यंत त्यावरही काही उपाय नाही. एकटे खन्ना विरोधात गेले. त्याची किंमत त्यांनी मोजली, जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद घालवलं, त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठात मान्य केलं, एक्केचाळीस वर्षांनी. तेव्हा संसद होती, मंत्री होते, निवडून आलेलं सरकार होतं, सगळं होतं. फक्त त्या सरकारला थांबवणारा कायदा बाजूला ठेवला होता, आणि तेवढ्यानं लाखभर माणसं विनाचौकशी आत गेली.

इथं कुणी म्हणेल की कोल्हापूरला हे कशाला शिकवतोस, हे शाहू महाराजांचं गाव आहे. म्हणूनच लिहितोय. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या तोंडी सांगून नाही, लेखी हुकूम काढला, करवीर गॅझेटमध्ये छापला, म्हणजे कुठल्या कारकुनाला तो दाबून ठेवायची सोय राहिली नाही. काही जातीच्या माणसांना रोज जाऊन हजेरी लावावी लागायची, गुन्हा केलेला नसताना, नुसता जन्म त्या जातीत म्हणून. ती हजेरी १९१८ मध्ये बंद केली. हा खरा कायद्याचा विचार, की माणूस त्याच्या कृत्यासाठी जबाबदार, जन्मासाठी नाही. पण महाराज राजे होते, त्यांना जाब विचारणारं सभागृह नव्हतं, त्यांच्या मनात न्याय होता म्हणून रयतेला न्याय मिळाला. प्रत्येक खुर्चीवर शाहू महाराज येणार नाहीत हे माहीत असल्यामुळंच राज्यघटना लिहावी लागली.

आणि जन्मासाठी जबाबदार धरायचं नाही हे म्हणताना मला १४ जुलै २०२४ आठवल्याशिवाय राहत नाही. विशाळगडावरची अतिक्रमणं काढा ही मागणी होती. माझंही तेच मत आहे, गडकिल्ल्यावर बेकायदेशीर बांधकाम कुणाचंच नको, कुठल्याच धर्माचं नको. पण त्या दिवशी जमाव गेला तो पायथ्याच्या गजापूरमध्ये, घरं फोडली, गाड्या जाळल्या, मशिदीची नासधूस केली. गजापूरच्या त्या लोकांचं गडावरच्या अतिक्रमणाशी काय देणंघेणं होतं? ज्यांच्यावर कसला आरोप नाही, ज्यांना कसली नोटीस नाही त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी रस्त्यावर आली. त्यानंतर प्रशासनानं भर पावसात गडावर पाडापाडी सुरू केली आणि १९ जुलैला हायकोर्टाला सांगावं लागलं की थांबा, पावसाळ्यात राहती घरं पाडू नका. कायदेशीर मागणीचं असं वाटोळं झालं. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात झालं हे लिहिताना मान खाली जाते.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचला जो गेलाय त्याला हे लगेच कळेल. दोन्ही बाजूंनी गॅलरी पेटलेली असते, पण रेफरी गॅलरीचा आवाज ऐकून पेनल्टी द्यायला लागला तर उद्यापासून खेळाडू बॉलवर नाही, गॅलरीवर भर देतील.

सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरवर जो निकाल दिला तो प्रत्येक वॉर्ड ऑफिसात मराठीत लावायला पाहिजे. आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही, गुन्हा शाबीत झाला तरी पाडता येणार नाही. बांधकाम बेकायदेशीर असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणासह लेखी आदेश, त्यावर अपिलाला वेळ, पाडतानाचं व्हिडिओ शूटिंग. आणि हे न पाळता पाडलं तर नुकसान त्या अधिकाऱ्याच्या खिशातनं. रस्ता, फूटपाथ, नदी-नाल्यातली अतिक्रमणं ह्यातनं वगळली आहेत, तेव्हा 'आता अतिक्रमण काढताच येत नाही' असं जे काही लोक सांगत फिरतात ते खोटं आहे. मला ह्या निकालातलं सगळ्यात आवडलं ते खिशाचं. अधिकाऱ्याला वैयक्तिक भुर्दंड बसतो म्हटल्यावरच सही करताना हात थांबतो.

ही खिशाची गोष्ट छोट्या कामातही चालते. ओळखीच्या एका मावशींचं एका सरकारी ऑफिसात काम अडलं होतं, नुसत्या चकरा मारत होत्या, आज साहेब मीटिंगला, उद्या सर्व्हर डाउन. त्यांच्याबरोबर गेलो, भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड होता, त्यावर कामाचे दिवस लिहिलेले. म्हटलं अर्ज घ्या आणि तारखेची पोच द्या. पोच द्यायलाच अर्धा तास घासाघीस झाली, पण एकदा तारीख पडल्यावर काम झालं. २०१५ च्या ह्या कायद्यात कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. रक्कम मोठी नाही पण मावशी तिथं हात जोडून उभ्या राहत होत्या त्या पोच घेतल्यावर खुर्चीवर बसल्या, हा फरक मी डोळ्यांनी बघितला. अशी पोच मागायची सवय आपल्याला कुणी लावत नाही, शाळेत नाही आणि पक्षांच्या शिबिरात तर नाहीच.

आपल्याकडं एक चांगली गोष्ट झाली तीही लिहितो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. त्यासाठी वकील मंडळी चाळीसेक वर्षं भांडली. आधी एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्र काढून मुंबई, तिथं लॉजचा खर्च, वकिलाचा खर्च आणि वर कळायचं की आज बोर्डावर नंबरच लागला नाही. आता शाहूवाडीचा माणूस एसटीनं येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकतो. पण कोर्ट जवळ आलं म्हणजे न्याय जवळ आला असं नाही. ॲड. गोविंद पानसरेंवर ह्याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. टोलच्या लढ्यात पुढं असलेला माणूस, जन्मभर कायद्याच्या रस्त्यानं भांडलेला. हल्ल्याला दहा वर्षं होत आली तेव्हाही, जानेवारी २०२५ मध्ये, खटला लवकर संपवा असा आदेश हायकोर्टाला द्यावा लागत होता. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी एवढी वर्षं कशी काढली असतील?

आता नव्या नगरसेवकांना माझी विनंती, पक्ष कुठलाही असो. प्रशासकाच्या काळात जे ठराव झाले, जी टेंडरं निघाली, जी बिलं दिली ती सगळी वर्षवार मराठीत वेबसाइटवर टाका आणि प्रत्येक विभागीय कार्यालयात छापील प्रत ठेवा, माहिती अधिकारात अर्ज करून ३० दिवस थांबायची वेळ लोकांवर आणू नका. त्यावर सभागृहात एक स्वतंत्र सभा लावा, बरोबर असेल ते बरोबर म्हणा, चूक असेल ते नोंदवा. पूररेषेतल्या बांधकामांना ह्या काळात परवानग्या दिल्या असतील तर त्याची यादी सगळ्यात आधी. आणि राज्य सरकारकडं ठराव करून पाठवा की मुदत संपायच्या सहा महिने आधी प्रभागरचना आणि आरक्षणाचं काम पूर्ण झालं पाहिजे, नाही झालं तर जबाबदार कोण ते नावानिशी ठरलेलं पाहिजे.

तुमच्या पेपरलाही एक विनंती आहे. नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं मोजली की २०३१ मधली एक तारीख येते. ती तारीख दर वर्षी महापालिकेच्या बजेटच्या बातमीसोबत चौकटीत छापा आणि २०३० च्या जूनपासून दर महिन्याला जिल्हाधिकारी, निवडणूक आयोग आणि पालकमंत्री जो कोणी असेल त्याला विचारून तयारी कुठपर्यंत आली ते लिहा. ह्या वेळी आम्हीही कट्ट्यावर ती तारीख लिहून लावणार आहोत.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर